बाकावरचं तवसं

माझं माहेर मालवणात, समुद्राला लागून. दारात रेव, परसात रेव, वाऱ्याच्या दिवसांत ताटातही रेव. सासर मात्र आत, वालावलजवळ, भाताचं आणि काजूचं. लग्नाला तीस वर्षं झाली. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, दोन मुलं वाढवून मार्गी लावली, पण शेतीतलं काही बोलायला तोंड उघडलं की सासरे मला एकच ऐकवायचे, "तुझ्या म्हायेराक माती खंय आसा गो? रेवेत कुर्ल्यो सोडल्यार काय पिकता?" माझं माहेर म्हणजे नुसती वाळू आणि खेकडे, असं ते हसून म्हणायचे, हे खरं. मी दर वेळी चिडायची, हेही खरं.

त्या वर्षी एप्रिलात ते काजू काढायला गेले आणि पाय घसरून पडले. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचं हाड मोडलं, आत सळी घालावी लागली. सहा महिने उकिडवं बसायचं नाही, उतारावर पाय ठेवायचा नाही, चिखलाचं तर नाव काढायचं नाही, असं डॉक्टरनी बजावलं. वॉकर धरून खोलीतून खळ्यात यायचं आणि खळ्यातून खोलीत जायचं, एवढंच त्यांचं जग उरलं. खळं म्हणजे घरापुढचं अंगण, आमचं तर सगळं कातळावर. पहिले आठ दिवस ते डॉक्टरवर चिडले, पुढचे आठ दिवस वॉकरवर, मग आमच्यावर. त्यानंतर गप्पच झाले. त्यांच्या चिडण्याची मला सवय होती. गप्प बसण्याची भीती वाटली.

त्यांच्या मनात काय आहे, हे मला मे महिन्यात कळलं. चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळ म्हणजे डहाळ्या, आणि खाली नारळ, सुपारीचं शिपटं, कवंडळं अशी रानातली आणि परसातली फळं टांगायची. मधोमध तवसं. तवसं म्हणजे पावसाळ्यात येणारी हातभर लांब, मनगटापेक्षा जाड अशी इकडची काकडी. आमच्या माटवीला विकतचं तवसं कधी लागलेलं नाही. घरचं बियाणं, घरचा वेल, घरचं तवसं. गावात बाकी सगळे पाकिटातल्या बियांवर गेले, पण सासऱ्यांनी आपलं बियाणं सोडलं नाही. ते राखेत घालून काचेच्या बाटलीत ठेवायचे, आणि बाटली त्यांच्या खोलीतल्या वरच्या फळीवर. तिला कोणी हात लावायचा नाही.

आदल्या वर्षी बियाण्यासाठी ठेवलेलं तवसं पावसात कुजलं होतं. म्हणजे बाटलीत होतं ते दोन वर्षांपूर्वीचं, एकोणीस बिया. आमच्या दमट हवेत पुढच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षी त्या रुजल्या तर नवलच. लावायचं तर यंदा, नाहीतर बियाणं संपलं.

"मी लावतंय खाली भरडावर," माझा नवरा म्हणाला. भरड म्हणजे घराखालची वरकस जमीन. तो सरकारी कचेरीत आहे. शेतात जातो, पण बूट घालून.

"खड्डो केदो मारतलंस?" सासऱ्यांनी विचारलं.

नवऱ्याने हाताने माप दाखवलं. सासरे भिंतीकडे तोंड करून झोपले. तो विषय तिथेच संपला.

नेमकं त्याच सुमारास कुडाळात मातीविना भाजीपाल्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. शाळेला सुट्टी होती, शिवाय जेवण होतं, म्हणून गेले. नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या सालीचा, भुसा पिशवीत भरायचा, त्यात बी लावायचं आणि खतं विरघळवलेलं पाणी बारीक नळीने थेंब थेंब द्यायचं. पिशवी हलकी, त्यामुळे टेबलावर ठेवता येते. टेबलावर, हे ऐकलं आणि माझं पुढचं ऐकण्यातलं लक्ष उडालं. कमरेच्या उंचीवर वेल असेल तर सासऱ्यांना उकिडवं बसायला नको, उतार नको, चिखल नको. वॉकर धरून खळ्यात यायचं आणि उभ्याने शेती करायची. माझ्या डोळ्यांसमोर सगळं चित्र उभं राहिलं. घरी येऊन मी ते सांगून टाकलं.

"मातयेशिवाय शेती?" सासरे म्हणाले. "मगे उद्यापासून तांदळाशिवाय पेज कर."

पण बऱ्याच दिवसांनी ते काहीतरी बोलले होते, त्यामुळे मी ते होकारासारखंच धरलं. शाळेत सात मोडके बाक भंगारात निघाले होते. मुख्याध्यापकांना विचारून ते टेम्पोत घालून आणले आणि खळ्यात मांडले. वर पावसासाठी पारदर्शक पत्रे घातले. बाक जुने होते, त्यांवर कर्कटकाने कोरलेली नावं होती, दोन ठिकाणी माझ्याविषयीही मजकूर होता. तो पिशव्यांखाली येईल असं मी बघितलं.

आता भुसा. प्रशिक्षणात त्याच्या दाबलेल्या विटा दाखवल्या होत्या, त्या विकत मिळतात. मी मागवते म्हटल्यावर घरात हलकल्लोळ झाला. परसात पन्नास माड, कोपऱ्यात सोडणांची रास, आणि नारळाचा भुसा विकत आणायचा? लोक काय म्हणतील? नवऱ्याला तर हा थेट अपमान वाटला. मलाही, खरं सांगायचं तर, पटलं. घरची सोडणं कुटून भुसा काढणं आम्हाला जमण्यासारखं नव्हतं, पण खाडीकाठी काथ्या काढणारी एक ओळखीची बाई आहे, तिच्या दारात भुशाचा डोंगर पडलेला असतो. तिने फुकट दोन पोती भरून दिली, वर चहा पाजला. आम्ही विजयी मुद्रेने परत आलो.

मृगात मी बारा बिया लावल्या. बाटली फळीवरून खाली काढायची परवानगी सासऱ्यांनी दिली, पण बिया त्यांनी स्वतः मोजून दिल्या. बाराच्या बारा रुजल्या. मी वर्गात निकाल वाचावा तसं खळ्यातून ओरडून सांगितलं. आठव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी पाणी वाढवलं. मग कमी केलं. मग खत वाढवलं, मग बंद केलं. बाराव्या दिवशी बाराही रोपं माना टाकून पडली.

सासरे वॉकर टेकत आले. त्यांनी रोपांकडे पाहिलंच नाही. पिशवीतला चिमूटभर भुसा घेतला आणि तोंडात टाकला. नव्या जागेतली माती ते अशीच चाखून बघायचे, हे मी ऐकून होते. थोडा वेळ जीभ फिरवली, मग पंच्यात थुंकले.

"ह्येच्यात सुको बांगडो घाल," ते म्हणाले. "मीठ घालूक नको."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काथ्या काढायला सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने पुरून ठेवतात. ते सगळं मीठ भुशात मुरलेलं. ती बाई जन्मभर तेच करते, माझ्या नवऱ्याने लहानपणी त्या सोडणांवर उड्या मारल्यात, आणि मी तर समुद्रकाठची. शिवाय विज्ञानाची बाई. नववीच्या मुलांना दर वर्षी सांगते की मिठाच्या पाण्यात मुळांतलं पाणी उलट बाहेर येतं. फुकट भुशाच्या आनंदात आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नाही. विटा विकत आणल्या असत्या तर धुतलेला भुसा मिळाला असता. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे रडले. बारा बिया गेल्या होत्या, आणि त्या माझ्या नव्हत्या.

बाहेरून हाक आली. "रडान मीठ वाढता. भुसो धू."

मग धुणं सुरू झालं. विहिरीचं गोडं पाणी, मोठं प्लास्टिकचं पिंप. भुसा भिजवायचा, ढवळायचा, पाणी सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. सासरे उंच खुर्ची घेऊन पिंपाशेजारी बसले. प्रत्येक धुण्यानंतर मी चमच्यात पाणी द्यायची, ते चाखायचे आणि निकाल द्यायचे. "कढी." "अजून कढी." चौथ्या दिवशी "पेज, पण मिठाची." खारटपणा मोजायचं यंत्र मिळतं, ते मी मागवलं होतं, तेही दरम्यान पोचलं. सासऱ्यांनी यंत्राचा आकडा आधी बघायचा नाही आणि मी त्यांचं ऐकून मग यंत्र बुडवायचं, असं ठरलं. यंत्र एकदाही त्यांच्याविरुद्ध गेलं नाही. नवव्या दिवशी ते म्हणाले, "पाणी," आणि चमचा खाली ठेवला.

उरल्या होत्या सात बिया. त्या वर्षी अधिक महिना आल्याने चतुर्थी उशिरा होती, त्यामुळे अजून वेळ होता. पण या वेळी सासरे म्हणाले, गाऱ्हाणं घातल्याशिवाय बी पडायचं नाही. जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवून सांगितल्याशिवाय त्यांनी कधी पेरणी केली नव्हती, मीच पहिल्या वेळी घाईत टाळलं होतं. आता त्यांच्यापुढे पेच होता की ही जागा नक्की कोणाची. खाली भरडावर राखणदार वेगळा, घराचा वेगळा, आणि बाकांवरच्या भुशावर कोणाचा हक्क चालतो हे पूर्वजांनी सांगून ठेवलं नव्हतं. शेवटी त्यांनी सगळ्यांनाच बोलावलं. वॉकर धरून उभे राहिले, मी आणि नवरा मागे हात जोडून.

"बा देवा म्हाराजा, हयसर माती नाय, ता आमका म्हायत आसा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"सून शिकलेली आसा, तरी चुकली. ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा," नवरा जरा जास्तच मोठ्याने म्हणाला.

सातांतल्या पाच रुजल्या, तीन तगल्या. पानं हिरवीगार, कडा स्वच्छ. मी प्रत्येक बाकावरच्या पिशवीला नळी लावली. सासऱ्यांनी ती थेंब थेंब पडताना बराच वेळ पाहिली.

"ह्या सलाईन," ते म्हणाले. "माका लावलेला तसलाच."

"होय बाबा. तसंच."

"मगे जगतली," ते म्हणाले. "मी खंय थंयसर मातयेत होतंय?"

त्या दिवसापासून ते सकाळी आंघोळ करून थेट खळ्यात यायला लागले. वेल दोरीवर चढवणं, वाळकं पान काढणं, नळी तुंबली की फुंकणं. मी शाळेतून आले की मला दिवसभराचा अहवाल मिळायचा, आणि त्यात माझ्या चुका पहिल्या. मला बरं वाटायचं. चिडायचीही, पण बरं वाटायचं.

ऑगस्टात फुलं आली आणि नवी अडचण उभी राहिली. पत्र्याखाली, पावसात, मधमाशी फिरकेना. मादीफुलं येत आणि दोन दिवसांत पिवळी पडून गळत. नरफुलाचा पराग आपण हाताने मादीफुलाला लावायला हवा, हे मला माहीत होतं. हा धडा मी नववी-दहावीच्या वर्गाला वीस वर्षं डोळ्याला डोळा देऊन शिकवला आहे, मागच्या बाकावर कोण हसतो त्याचा कानही पकडला आहे. पण समोर सासरे. मी पदर नीट केला, घसा साफ केला आणि म्हटलं, "बाबा, फुलं दोन प्रकारची असतात."

सासरे पत्र्याकडे बघू लागले. मीही पत्र्याकडे बघतच उरलेलं सांगितलं.

"म्हणजे सोयरीक जुळवूची," ते अखेर म्हणाले. "मगे ह्या तुझा काम न्हय. त्येका मोठो माणूस होयो."

रोज सकाळी सातला ते नरफूल खुडून, पाकळ्या सोलून, एकेका मादीफुलाला लावत. तोंडाने काहीतरी पुटपुटत. मंगलाष्टकं नव्हती, पण लांबून तसंच वाटायचं. पाच तवशी धरली. घरात दिवाळीसारखं झालं. मग एका दुपारी ते जेवायला आत आले तेवढ्यात माकडांची टोळी आली. चार तवशी गेली. चतुर्थीला आठ दिवस उरले होते. दोन वेलांवर केवडा नावाचा रोग पडून पानं पिवळी झाली. एक वेल आणि त्यावर एक तवसं, एवढंच शिल्लक राहिलं. तिथून पुढे सासरे जेवणही खळ्यातच घेऊ लागले, मांडीवर ताट आणि शेजारी काठी.

आणि मग ते पुन्हा गप्प झाले. कारण मला विचारावं लागलं नाही. माटवीला लावायचं तर तवसं कोवळं असताना तोडावं लागतं, आणि कोवळ्या तवशाची बी रुजत नाही. बियाणं हवं तर ते आणखी महिनाभर वेलावरच पिकून तांबूस व्हायला हवं. तोडलं तर बियाणं संपलं. ठेवलं तर माटवीला बाजारातलं तवसं, जे त्यांच्या हयातीत कधी झालं नव्हतं. देवाला द्यायचं की बाटलीत घालायचं?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी माटवी बांधायला सासऱ्यांचे चुलतभाऊ आले. आम्ही त्यांना काका म्हणतो. दर वर्षी ते येतात, अर्धी माटवी बांधतात आणि पूर्ण माटवीला नावं ठेवतात. त्यांनी खळ्यातला वेल पाहिला.

"मातयेक लागाक नाय ता माटयेक कसा चलतला?" ते म्हणाले. "त्यापरीस बाजारातला आण. निदान मातयेतला तरी आसतला."

मला राग आला, पण मी बोलण्याआधीच मला दिसलं की सासरे काकांकडे बघतच नाहीत. ते पिशवी बघत होते. मग त्यांनी वॉकर बाजूला ठेवला, दोन हातांनी पिशवी धरली आणि बाकावरून बोटभर उचलून पुन्हा ठेवली.

"किती वजन आसात गो ह्येचा?"

"सात-आठ किलो," मी म्हटलं.

"मगे बघतंस काय? आत घेवा."

मला कळायला एक क्षण लागला. नवऱ्याला त्याहून जास्त वेळ लागला, काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. वेल तोडायचा नाही, वेलासकट तवसं आत न्यायचं. आम्ही दोऱ्या सोडल्या, वेल बांबूवर गुंडाळला. नवऱ्याने पिशवी छातीशी धरली, मी बांबू धरला, काकांच्या ओंजळीत तवसं दिलं आणि आम्ही तिघे एका चालीने उंबरठा ओलांडू लागलो. मागून सासरे वॉकर टेकत, "सावकास, सावकास, मान सांभाळा," असं म्हणत. मला ऑपरेशनच्या दिवशी त्यांना बाहेर आणलं होतं ते आठवलं. काका ओंजळीतलं तवसं घेऊन इतके गंभीर झाले होते की बोलायचं विसरले.

पिशवी गणपतीच्या जागेशेजारी चौरंगावर ठेवली. वेल खांबावरून माटवीवर चढवला आणि तवसं बरोबर मधोमध, नारळांच्या जोडीत, जिवंत वेलाला लटकलं. कोपऱ्यातल्या खिळ्याला शीतपेयाची एक मोठी बाटली उलटी टांगून तिची नळी पिशवीत सोडली.

"मातयेत असता," सासरे काकांना म्हणाले, "तर हयसर इला असता?"

काका तवशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टाळ जरा डावीकडे होयो होतो."

आमच्याकडे गणपती पाच दिवस असतो. त्या पाच दिवसांत तवसं चांगलं चार बोटं वाढलं. दुसऱ्या दिवशी माटवी एका बाजूला कलली, नवऱ्याने टेकू लावला. भजनाला आलेले लोक गणपतीला नमस्कार करायचे आणि नंतर मान वर करून तिथेच थांबायचे. सासरे खुर्चीत बसून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे. खाऱ्या भुशाची गोष्ट ते वगळायचे नाहीत, मला वाटत होतं वगळतील. विसर्जनाच्या वेळी माटवी उतरवली आणि वेल पुन्हा मिरवत बाकावर गेला.

दसरा झाला आणि तवसं तांबूस झालं, सालीवर जाळी उमटली. सासऱ्यांनी ते स्वतः कापलं, बिया धुतल्या, सुपात वाळवल्या. शंभराच्या वर भरल्या. तोपर्यंत ते काठीवर चालू लागले होते.

काका त्या संध्याकाळी सहज म्हणून आले, आणि सहज म्हणूनच त्यांच्या खिशात एक डबी होती. पाकिटातल्या बियांच्या काकड्यांना चवच नसते, असं त्यांनी आधी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून सांगितलं. सासऱ्यांनी मूठभर बिया त्यांच्या डबीत घातल्या. बियाणं घेताना ते कोणाचं हे विचारून घ्यायची आमच्याकडे रीत आहे, म्हणजे लावताना आणि खाताना त्या माणसाचं नाव निघतं. या बियाण्याला गावात सगळे माझ्या आजेसासऱ्यांचं बियाणं म्हणायचे.

काकांनी रीत म्हणून विचारलं, उत्तर त्यांना माहीतच होतं. "कोणाचा म्हणू?"

"आमच्या सुनेचा म्हण," सासरे म्हणाले, आणि सूप उचलून राख आणायला आत गेले.

माझ्या हातात चहाचे कप होते. ते कुठेतरी ठेवायला हवे होते, पण मी तशीच उभी राहिले. काकांनी डबीचं झाकण लावलं, ती दोनदा तपासली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी किती घालूचा, ता जरा लिवन दी गो."